सलाईनचा अलार्म, घरचा ऑक्सिमीटर आणि पेटंट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. एमबीबीएसच्या मुलांसाठी वैद्यकीय उपकरणं घडवण्याचा छोटा अभ्यासक्रम सुरू करायचा आहे. मागे दोन दिवसांची हॅकेथॉन (गटांनी झटपट उपकरण घडवण्याची स्पर्धा) घेतली, तर निम्म्याहून जास्त गटांनी सलाईन संपल्याचा अलार्म केला आणि पुढे काहीच झालं नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : मॅडम, गटांना उत्तर शोधायला दोन दिवस मिळाले, प्रश्न शोधायला एकही नाही. गाडं तिथेच अडलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल यॉक आणि जॉश मॅकॉवर यांनी २००० च्या सुमारास उभा केलेला बायोडिझाइन कार्यक्रम आधी गरज आणि मग उपकरण या क्रमावरच चालतो. आपल्याकडेही तोच क्रम धरावा.

सलाईनचाच विषय घेऊ, शिकवायला तो फार चांगला आहे. मुलं गृहीत धरतात की बाटली संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. वॉर्डात दोन तास बसलं की दिसतं, नातेवाईक बाटलीवरून नजरच काढत नाहीत. हवा शिरून माणूस दगावेल ही त्यांची भीती. पण पंपाशिवाय, नुसत्या उंचीवर चालणाऱ्या सलाईनमध्ये बहुधा घडतं ते असं: नळीतली पातळी उतरते, प्रवाह थांबतो, रक्त उलटं चढतं, गोठतं आणि व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, बंद पडतो. मग पुन्हा शीर शोधा, पुन्हा टोचा. बाटली संपल्याचं कळलं तरी धावून येणारं माणूस हवं ना! चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एक-दोन सिस्टर असतात आणि त्या नेमक्या दुसऱ्या टोकाला इंजेक्शनं देत असतात. तिथे आणखी एक आवाज वाढवला, तर थोड्याच दिवसांत कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं.

म्हणून गरजेचं वाक्य असं लिहून घ्या: ‘रात्रपाळीला मोजक्याच सिस्टर असलेल्या वॉर्डात, सलाईन चालू असलेल्या प्रौढ रुग्णांना व्हेनफ्लॉन बंद पडल्यामुळे पुन्हा टोचावं लागण्याचं प्रमाण कमी करणं.’ त्रास काय, कुणाला आणि सुधारणा कशावर मोजायची, हे तिन्ही त्यात हवं. सेन्सर, ॲप, अलार्म यांतला एकही शब्द नको, कारण उपकरणाचं नाव आलं की डोकं त्याच्यापलीकडे जात नाही. असं वाक्य हातात आलं की मुलं आपणहून विचारतात, बाटली रिकामी झाल्यावर आपोआप थांबणारे सेट बाजारात मिळतात, मग ते आपल्या वॉर्डात का नाहीत? किंमत, खरेदीची पद्धत की माहितीच नाही? इथून खरा अभ्यास सुरू होतो.

चौदा आठवडे, आठवड्याला एक संध्याकाळ धरा. गट पाच जणांचा: दोन एमबीबीएसचे, एक इलेक्ट्रॉनिक्सचा, एक मेकॅनिकलचा आणि एक नर्सिंगची विद्यार्थिनी. ही पाचवी जागा रिकामी ठेवू नका. पहिले चार आठवडे फक्त बघायचं. प्रत्येकाने दोन-दोन तासांच्या सहा बैठका करायच्या, त्यांतली एक रात्रीची आणि एक निर्जंतुकीकरण विभागात. वहीत वेळ, काय घडलं, कुणी केलं, किती मिनिटं गेली आणि काय जुगाड केला, एवढंच लिहायचं. सिस्टर बाटलीवर चिकटपट्टी लावून त्यावर तासांच्या खुणा करतात, ती पट्टी अशा नोंदीत सोन्यासारखी, कारण जिथे जुगाड आहे तिथे गरज आहे. वहीत उपाय लिहायला सक्त मनाई ठेवा. विभागप्रमुखांची आणि अधीक्षकांची लेखी परवानगी आधी काढा. रुग्णाचं नाव नको, फोटो नको.

पुढचे दोन आठवडे चाळणीचे. हा त्रास किती जणांना होतो, किती गंभीर आहे, आज काय वापरतात, पैसे कोण देणार? बहुतेक कल्पना इथेच गळतात आणि गळू द्याव्यात. मग उरलेल्या एका गरजेवर पुठ्ठा, नळ्या, सिरिंज घेऊन काम. गटामागे पाच-सात हजारांचं सामान पुरतं.

सर्किट करायचंच असेल तर ते कुठे फसतं हे आधी दाखवा. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं तर मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला साधारण २१ थेंब पडतात, ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर ६२-६३. कोणता सेट लावलाय हे यंत्राला माहीत नसेल तर हिशेब तिपटीने चुकतो. इन्फ्रारेड थेंबमोजणी ड्रिप चेंबरच्या (थेंब पडतात त्या नळकांडीच्या) भिंतीवर बाष्प धरलं, चेंबर कललं किंवा खिडकीतून ऊन आलं की बिघडते. लोड सेल बाटलीचं वजन करतो खरा, पण रिकाम्या बाटलीचं वजन कंपनीगणिक वेगळं, रुग्ण कुशीवर वळला की नळी ओढली जाते आणि तासन् तास टांगलेल्या वजनाने सेलचं वाचनही हळूहळू सरकतं. ही यादी मुलांनी स्वतः बाटली टांगून, रात्रभर नोंदी घेऊन काढावी. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा सुटा भाग करणाऱ्यांनाही आधी सांगा: हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो.

गुण वहीला आणि सोडून दिलेल्या कल्पनांच्या कारणांना द्या, चमकत्या डब्याला नको. जोडीला अभियंते मिळत नसतील तर आयआयटी मुंबईतल्या ‘बेटिक’ या केंद्राकडे विचारा. डॉक्टर आणि अभियंते एकत्र बसवण्याचं काम ते २०१४ पासून करत आलं आहे.

प्रश्न : आम्ही मॅक्स ३०१०२ सेन्सर आणि अर्दुइनो वापरून ऑक्सिमीटर केला. सगळ्या मित्रांवर तपासला, कंपनीच्या यंत्राशी एक-दोन टक्क्यांच्या आत जुळतो. गावच्या उपकेंद्राला भेट देऊ का? (एमबीबीएस, दुसरं वर्ष)

उत्तर : नाही, देऊ नका. तुमचे सगळे मित्र निरोगी आहेत, त्यांचं ऑक्सिजन ९७ ते ९९ असणारच. कायम ‘९८’ दाखवणारी नुसती पाटी लावली असती तरी ती इतकीच जुळली असती. ऑक्सिमीटरची गरज पडते ती ८५ ला, आणि तिथे तुमचं यंत्र काय दाखवतं हे तुम्ही बघितलेलंच नाही.

सेन्सर लाल (६६० नॅनोमीटर) आणि इन्फ्रारेड (८८० नॅनोमीटर) अशा दोन प्रकाशांतली नाडीबरोबर हलणारी मात्रा आणि स्थिर मात्रा यांचं गुणोत्तर (आर) काढतो. त्या गुणोत्तरावरून टक्केवारी देणारं सूत्र, बहुधा तुम्ही इंटरनेटवरून घेतलेलं ‘११० वजा २५ गुणिले आर’, हे केवळ ढोबळ आहे. कंपन्या हे नातं निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली कमी ऑक्सिजनचा वायू देऊन, धमनीतल्या रक्ताशी ताडून बसवतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ७० ते १०० टक्के या पट्ट्यात त्रुटी ४ टक्क्यांच्या आत लागते. हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करायचा नाही. शिवाय गार बोटं, थरथर, नेलपॉलिश यांनी वाचन चुकतं, आणि गडद त्वचेवर बाजारातली यंत्रंही ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतात. आपल्याकडे हा मुद्दा फारच मोठा.

तरीही केलेलं वाया जाऊ देऊ नका. प्रॅक्टिकलला ठेवा, दंडावर बीपीचा पट्टा हळूहळू फुगवून नाडीची लाट कशी बारीक होत जाते ते वर्गाला दाखवा.

प्रश्न : मला प्रोग्रामिंग येत नाही आणि शिकायची आवडही नाही. मग या क्षेत्रात माझं काय काम?

उत्तर : भरपूर. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला रबरी कॅथेटरवर निरोध दोऱ्याने बांधला, तो गर्भाशयात ठेवून २०० ते ५०० मिली सलाईनने फुगवला. आतून दाब बसला की रक्तस्राव थांबतो. त्यांचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही पद्धत अनेक देशांत पोचली. त्यात वायर नाही, कोड नाही. महागडा तयार फुगा आपल्या लेबर रूममध्ये येणार नाही आणि हाताशी काय आहे, हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

प्रश्न : आमच्या गटाला कॉलेजच्या प्रदर्शनात पोस्टर लावायचं आहे. पेटंट नंतर घेता येईल ना?

उत्तर : आधी अर्ज, मग पोस्टर. भारतीय कायद्यात मोजके अपवाद सोडले तर अर्जापूर्वी जाहीर झालेली कल्पना नवी मानली जात नाही, आणि रील टाकणं हेही जाहीर करणंच. तात्पुरतं विवरण भरून तारीख पक्की करा, व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण विवरण दिलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं मानतात. उपचाराच्या किंवा शस्त्रक्रियेच्या पद्धतीला कलम ३(आय) खाली पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळू शकतं. संशोधक म्हणून कुणाकुणाची नावं लागणार हे पहिल्याच महिन्यात कागदावर आणा, कल्पनेत सिस्टरचा वाटा असेल तर त्यांचंही. आणि कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण वाचल्याशिवाय अर्जदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव घालू नका.

पेटंट म्हणजे वापराचा परवाना नव्हे. रुग्णावर चाचणी घ्यायची तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागतेच, शिवाय उपकरणानुसार केंद्रीय औषध नियंत्रकांचीही परवानगी लागू शकते. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे कमी जोखमीच्या ‘अ’ आणि ‘ब’ वर्गांच्या उत्पादनाचं काम राज्याकडे, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडे असतं, ‘क’ आणि ‘ड’ वर्गांचं केंद्राकडे. आपलं उपकरण कोणत्या वर्गात बसतं हे पोस्टर छापण्याच्या आधीच शोधून ठेवा, कारण पुढचा खर्च आणि वेळ त्यावरच ठरतो.