करमाफी नव्हे, समान वागणूक

प्रश्न : माझे आजोबा गायकवाडी अमलात जकातनाक्यावर कारकून होते, त्यामुळे करांच्या भांडणांची गोडी घरातलीच आहे. मोरोक्कोच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेचे म्हणणे मान्य केले असे वाचले. पण तिथल्या अमेरिकी व्यापाऱ्यांना कर भरावेच लागले, असेही कळते. दोन्ही खरे कसे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दोन्ही खरे आहे. अमेरिकेला समान वागणूकही हवी होती आणि करमाफीही. पहिली मिळाली, दुसरी नाही.

मोरोक्को 1912 पासून फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता, तरी 1906 च्या अल्जेसिरास करारनाम्याने तिथे सर्व देशांच्या व्यापाराला दिलेली समानतेची हमी कायम होती. मोरोक्कोतल्या फ्रेंच प्रशासनाच्या 30 डिसेंबर 1948 च्या हुकुमाने, सरकारकडून परकीय चलन न घेता मागवलेल्या मालाला परवान्याची अट घातली, पण फ्रान्सहून येणारा माल त्यातून वगळला. हा सरळसरळ पंक्तिप्रपंच होता आणि ऑगस्ट 1952 च्या निकालात न्यायालयाने फ्रान्सचा बचाव एकमताने फेटाळला.

करमाफीचे तसे नव्हते. अमेरिकेच्या 1836 च्या तहात ‘सर्वाधिक अनुग्रहप्राप्त राष्ट्रा’चे कलम होते, म्हणजे पंगतीत शेजाऱ्याच्या पानात पडेल ते आपल्याही पानात पडावे एवढाच हक्क. ब्रिटनने 1937 मध्ये आपल्या जुन्या सवलती सोडल्यावर शेजारचे पानच उचलले गेले. शिवाय 1948 चा उपभोग-कर आयात आणि स्थानिक अशा दोन्ही मालांवर सारखाच होता, म्हणून तोही टिकला. (निकालाच्या काही भागांशी असहमत असलेल्या चार न्यायाधीशांत आपल्या संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव होते.)

आपल्या आजोबांना रस वाटला असता तो मूल्यांकनाच्या वादात. आयातशुल्क साडेबारा टक्के, पण कशावर? खरेदी आणि वाहतूक मिळून 100 पडलेला माल स्थानिक बाजारात 140 ला जात असेल, तर शुल्क साडेबारा की साडेसतरा? न्यायालयाने यांपैकी कोणताही एकच आधार सक्तीचा मानला नाही; सर्व घटक लक्षात घेऊन वाजवीपणे आणि सद्भावनेने किंमत ठरवावी, असे सांगितले. नाक्यावरच्या कारकुनाला एवढ्यावर पावती फाडता आली असती का, हे आजोबाच सांगू शकले असते.