आधी पाणी मागायला शीक

सलाम बेटा,

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी परत वाचला. मिशनरी म्हणून परदेशात पोचून धड पंधरवडा नाही झाला आणि "मला खरंच पाचारण होतं का", म्हणजे देवाने या कामाला बोलावलं होतं का, इथपर्यंत गाडी आलीये. तर या प्रश्नाचा निकाल आत्ता लावायचा नाही. झोप उडालेली, पोट बिघडलेलं, रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत, अशा अवस्थेत माणसाने साधी चप्पलसुद्धा विकत घेऊ नये, आयुष्याचे निर्णय तर लांबच.

झोपेचं आधी बोलू. जेट लॅगला साधारण एका टाइम झोनमागे एक दिवस धरतात, आणि पूर्वेकडे गेलं की त्रास जास्त. दिवसा उजेडात बाहेर फिर, दुपारी ताणून देऊ नकोस, होईल ठीक. पण ती भयानक स्वप्नं लिहिलीस ना, त्यासाठी मलेरियाची कुठली गोळी चालू आहे ते बघ. मेफ्लोक्वीन असेल तर काही जणांना तिच्याने अशी स्वप्नं पडतात, धास्ती बसते, उदास वाटतं, हे औषधाबरोबरच्या कागदावरच छापलेलं असतं. दुसऱ्या गोळ्या मिळतात, पण मनाने बंद करू नकोस, डॉक्टरला फोन कर. मला चीड कशाची येते सांगू, पोरं रात्र रात्र जागतात आणि कुणीतरी मोठं माणूस त्यांना सांगतं की हा सैतानाचा हल्ला आहे, अजून उपास धर. प्रार्थना कर की, कोण नको म्हणतंय, पण आधी गोळ्यांचं पाकीट बघ.

आता बाकीचं. सारखे हात धुवावेसे वाटतात, दुसऱ्याच्या घरचा ग्लास तोंडाला लावायच्या आधी शंका येते, कुठल्या ऑफिसात तासभर थांबवलं की डोळ्यात पाणी येतं, प्रत्येक जण आपल्याला फसवतोय असं वाटतं, आणि संध्याकाळ झाली की आपल्या देशाच्या कुणाच्या तरी घरी जाऊन बसावंसं वाटतं. यातलं बरंचसं तू लिहिलंयस आणि वर "मी इतकी वाईट आहे का" असंही विचारलंयस. अगं ही सगळी यादी कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ दी जानेरोतल्या एका भाषणात जवळजवळ अशीच मांडली होती, हात धुण्यासकट! त्याला तो कल्चर शॉक म्हणाला, आणि १९६० मध्ये ते भाषण छापलं गेलं ते मिशनरी लोक वाचायचे त्या मासिकात. म्हणजे तू वाईटबिईट काही नाहीस, तुझी जुनी ओळखीची खूणच तिथे चालत नाहीये, कधी हसायचं, कधी गप्प बसायचं, कुणाकडे बघायचं, हे सगळं नव्याने शिकावं लागतंय, आणि त्याने माणूस दमतो, इतकंच.

पण तुझ्या मेसेजमध्ये मला खटकलं ते वेगळंच. तू लिहितेस, "इथे येऊन अजून मी कुणाला काहीच देऊ शकले नाही." बेटा, तुला आत्ता द्यायला सांगितलंय कुणी?

बायबलमधला लूकचा दहावा अध्याय काढ. येशूने सत्तर जणांना दोघं दोघं करून पाठवलं तेव्हा पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत असं सांगितलं, पुढे वाढतील ते खा म्हणून सांगितलं, आणि या घरातून त्या घरात फिरत बसू नका हेही. आपण हे वाचतो आणि वा काय त्याग म्हणतो आणि पुढे जातो. पण जरा विचार कर, ज्याच्याकडे पैसे नाहीत, डबा नाही, चपला नाहीत त्याला पहिल्या दिवशी करावं काय लागेल? दुसऱ्याच्या दारात जाऊन मागावं लागेल. माझ्या मते ती सोयच अशी केलेली होती. आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी बाई विहिरीवर येते तेव्हा संभाषण सुरू कसं होतं? येशू तिला पाणी मागतो. जिवंत पाण्याचं बोलणं नंतर येतं, आधी "मला प्यायला दे".

आपल्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी नीट शिकवत नाही. तिथे सगळं द्यायचं शिकवतात, आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यायची, बायबलचं वचन कसं द्यायचं, प्रचाराच्या पत्रिका कशा वाटायच्या, आणि मग पोरगं परक्या देशात उतरतं ते दोन्ही हात भरून. भरलेल्या हाताला कुणी काही देऊ शकत नाही आणि जो माणूस तुला कधीच काही देऊ शकला नाही तो तुझ्याशी बरोबरीने बोलणार कसा.

मी पहिल्यांदा बाहेर राहिले तेव्हा खोलीमागे सगळ्यांचा मिळून एक नळ होता. मी चादर धुतली आणि एकटीच पिळायला लागले, निम्मी चादर हातात, निम्मी जमिनीला लागतेय. शेजारची बाई बघत होती, काही न बोलता आली, दुसरं टोक उचललं आणि मागे मागे सरकत उलट्या दिशेने पीळ द्यायला लागली, मग मी इकडून, पाणी सगळं दोघींच्या पायावर. मला तेव्हा तिच्या भाषेत आभारसुद्धा नीट मानता येत नव्हते. पण नंतर तिची चादर असली की ती भिंतीवर हात आपटून मला हाक मारायची. पुढे तिच्या घरात मी जे काही बोलले, ऐकलं, ते त्या चादरीमुळे. वॉशिंग मशीन असतं तर मी बसले असते खोलीत अभ्यास करत.

म्हणून म्हणते, या महिन्यात माग. बस कुठली पकडायची विचार, स्टोव्ह कसा पेटवायचा दाखवायला सांग, तुझे कपडे त्यांच्या नजरेला कसे दिसतात ते एखाद्या बाईलाच विचार. हे शेवटचं लहान समजू नकोस. मत्तेओ रिची हा इटालियन मिशनरी चीनमध्ये गेला तेव्हा आधी बौद्ध भिक्षूंसारखे कपडे घालायचा, त्याला वाटलं धार्मिक माणूस म्हणून हेच बरं, आणि मग कळलं की त्या समाजात वजन विद्वानांना आहे, तेव्हा १५९५ मध्ये त्याने विद्वानांचा वेष घेतला. म्हणजे कपड्यावरून लोक काय वाचतात हे कळायला त्याच्यासारख्या हुशार माणसाला बरीच वर्षं लागली.

आणि भाषेची घाई नको, म्हणजे अभ्यास रोज कर पण निकालाची घाई नको. विल्यम कॅरी हा इंग्रज मिशनरी १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला, पहिला बंगाली बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात. अमेरिकन मिशनरी जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोचला, पहिला विश्वासणारा १८१९ मध्ये. आपले फादर स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ मध्ये, दहा हजारांवर ओव्या, त्याही मराठीत. सदतीस वर्षं झाली होती त्यांना तोवर! तू अजून भाजीवालीशी नीट बोलू शकत नाहीस म्हणून रडतेस.

पण एक, कॅरीची सात वर्षं आपण सगळ्या संडे स्कूलमध्ये सांगतो, डॉरोथीचं नाव मात्र घेत नाही. त्याची बायको. आधी यायला तयारच नव्हती, मग आली, १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला आणि तिचं मन जे ढासळलं ते १८०७ मध्ये ती जाईपर्यंत सावरलं नाही, आणि बाजूच्या खोलीत भाषांतर चालू होतं. त्या काळात तिला मदत कुठून मिळणार. तुला मिळू शकते. आठवड्यामागून आठवडे नुसतं अंधारल्यासारखं राहिलं, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं तर तुझ्या मिशनच्या डॉक्टरला किंवा काउन्सेलरला त्याच दिवशी सांग, आणि परत यावं लागलं तर ये. त्यात लाज कसली.

जोडीदारणीशी पटत नाही म्हणतेस, ते चालायचंच. दोन दमलेल्या मुली एका खोलीत. भांडण रात्री करू नका, बाकी पुढे बघू.

व्हिसाचं मात्र मस्करीत घेऊ नकोस. तुझ्या व्हिसावर नक्की काय करायची परवानगी आहे ते स्वतः वाच, टीम लीडरने सांगितलं एवढ्यावर जाऊ नकोस, आणि टुरिस्ट व्हिसावर धर्मकार्य वगैरे अजिबात नाही. काही देशांत धर्मांतराला मदत करणं हाच गुन्हा आहे, नेपाळचंच बघ, २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. पण तुला काढलं तर तू घरी येशील, केकचा कार्यक्रम होईल, तू साक्ष देशील. तुझ्याशी बोलणारी ती शेजारीण मात्र तिथेच राहणार, त्याच पोलीस चौकीसमोरून रोज बाजारात जाणार. काहीही करायच्या आधी तिच्या बाजूने विचार करायचा, हा माझा हट्टच समज.

घरी फोन ठरलेल्या दिवशी कर. दिवसभर आईशी व्हॉट्सअ‍ॅप चालू असलं की तू शरीराने तिथे आणि बाकी सगळी इथेच राहतेस. आईला मी समजावते, ती माझ्यावर चिडेल, चिडू दे.

आणि ते प्रेअर लेटर, म्हणजे प्रार्थना आणि मदत करणाऱ्यांना पाठवायचं पत्र. देणगीदार लोक गोष्टी मागतील, फोटो मागतील, अनवाणी मुलांचे तर हमखास. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो पाठवायचा नाही, नाव नाही, गल्ली नाही, आणि पहिल्या महिन्याच्या पत्रात काय लिहू असं विचारलंयस तर खरं ते लिही, की मला इथे लोक चालायला, बोलायला, बाजार करायला शिकवतायत. कुणाला तेवढ्याने समाधान होत नसेल तर माझा नंबर दे त्यांना, मी बोलते.

तुझी,
मावशी