प्लंबर म्हणतो, ‘पक्कं बिल नाही, तर तक्रार कसली?’

प्रश्न : बाथरूममधली जुनी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) पाइपलाइन काढून सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) नवी टाकून घेतली. व्हॉट्सअ‍ॅपवर ६२ हजार ठरले, सामान प्लंबरनेच आणलं. ५० हजार यूपीआयने दिले, १२ हजार बाकी आहेत. टाइल्स बसून तीन महिने होत नाहीत तोच खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. प्लंबर म्हणतो, ‘गळती वॉटरप्रूफिंगची आहे. पक्कं बिल नाही, तेव्हा तक्रार करता येणार नाही. माझे बारा हजार द्या.’ खालचे रंगकामाचा खर्च मागतात. काय करावं?

उत्तर : बिलाचा मुद्दा अगदीच कच्चा आहे. तोंडी करारही करारच असतो आणि तुमच्याकडे तर लेखी मेसेज आणि यूपीआयची नोंद आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे हा मुद्दा त्याच्यावरच उलटतो. या कायद्यातून ‘व्यक्तिगत सेवेचा करार’ वगळला आहे खरा, पण तो मालकाच्या हुकमतीत राबणाऱ्या पगारी नोकराचा. ठरावीक रकमेत काम अंगावर घेऊन आपल्या पद्धतीने करणारा प्लंबर त्यात मोडत नाही.

वॉटरप्रूफिंगचं म्हणणं मात्र खरं असू शकतं, आणि तुमची केस तिथेच जिंकेल किंवा हरेल. म्हणून घाईने भिंत फोडू नका. आधी प्लंबरला तपासणीची तारीख-वेळ लेखी कळवून बोलवा. तो आला नाही तर दोन साक्षीदारांसमोर, व्हिडिओ चालू ठेवून तपासणी करा. तपासणारा सिव्हिल इंजिनिअर किंवा परवानाधारक प्लंबर असावा. पुढचं दुरुस्तीचं काम ज्याला मिळणार आहे तो नको, कारण त्याच्या अहवालाला किंमत राहत नाही.

पहिली चाचणी दाबाची. गरम आणि थंड लाइन वेगवेगळी तपासायची. गिझर आणि फ्लश टँक आधी वेगळे करून तोंडं प्लगने बंद करा, नाहीतर गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून दाब उतरेल आणि खापर पाइपवर फुटेल. मग टेस्ट पंपाने नेहमीच्या दीडपट दाब देऊन गेज तासभर तरी पाहायचा. काटा खाली आला तर गळती पाण्याच्या लाइनमध्ये, म्हणजे प्लंबरच्या कामात. काटा हलला नाही तर नहाणी ट्रॅप (जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड) बंद करून जमिनीवर इंचभर पाणी २४ तास साठवायचं आणि खालच्या छताचे आधीचे-नंतरचे फोटो घ्यायचे. तेव्हा ओल वाढली तर दोष वॉटरप्रूफिंगचा किंवा ट्रॅपभोवतीच्या सांध्याचा. तरी प्लंबर लगेच सुटत नाही: पाइपसाठी झिरी पाडताना त्यानेच वॉटरप्रूफिंगचा जुना थर फोडून उघडा ठेवला असेल, तर जबाबदारी त्याचीच. कामाच्या वेळचे फोटो शोधा.

पाइपमध्येच गळती निघाली तर भिंत उघडून तो सांधा कापून, तारखेची चिठ्ठी लावून जपून ठेवा. नवा कारागीर तो सर्रास कचऱ्यात टाकतो. पाइप सॉकेटमध्ये पूर्ण बसला होता का, सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचं द्रावण) सगळीकडे लागलं होतं का, गरम लाइनला यूपीव्हीसीचं (थंड पाण्यासाठीच्या प्लास्टिकचं) फिटिंग तर नाही ना, पाइपवर आयएस १५७७८ (सीपीव्हीसी पाइपचं भारतीय मानक) हा छाप आहे का, हे अहवालात यायला हवं. पुरावा हाती आला की दुरुस्ती लगेच करून घ्या. नुकसान वाढू न देणं तुमचंही काम आहे. करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई ठरवताना हे पाहिलं जातं.

खालच्यांचा दावा तुमच्यावर, तुमचा प्लंबरवर. गळती तुमच्या फ्लॅटमधूनच असल्याचं ठरलं तर वाजवी खर्च द्या, ‘पूर्ण आणि अंतिम’ अशी पावती घ्या आणि ती रक्कम आपल्या मागणीत जोडा. बाहेरच्या सामाईक पाइपमधून गळती निघाली तर दुरुस्ती सोसायटीची.

बारा हजार आत्ता देऊ नका, पण गप्पही बसू नका. नुकसानीतून ते वळते करणार असल्याचं नोटिशीत लिहा. नोटीस स्पीड पोस्टने पाठवा: दोष काय, अहवालाची प्रत, दुरुस्तीचा खर्च, उत्तरासाठी १५ दिवस. अनेकांकडे प्लंबरचा फक्त फोन नंबर असतो. पूर्ण नाव यूपीआयच्या नोंदीत, पत्ता कदाचित सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये सापडेल.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार करण्याचा मोह टाळा. काम वाईट करणं म्हणजे फसवणूक नव्हे. सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावं लागतं.

नोटिशीने काम झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पण तिथे फक्त समेटाचा प्रयत्न होतो. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. दुरुस्तीचा खर्च, टाइल्स, खालच्यांना दिलेली रक्कम, अहवालाची फी एवढं पावत्यांसह मागा. मानसिक त्रासाचे लाखो रुपये लिहिले की बाकीचे आकडेही फुगवलेले वाटू लागतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रिंटआउटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा आणि निकाल लागेपर्यंत तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.