शब्दांकनाचं काम घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की मुक्त लेखनावर घर चालवताना दुसऱ्याच्या आत्मकथनाचं शब्दांकन (म्हणजे त्याचं बोलणं ऐकून पुस्तक लिहून देणं) करावं का, आणि पानाला किती मागावेत. दराचं नंतर सांगते. आधी 'शब्दांकन' या शब्दाबद्दल बोलू द्या, माझी दोन वर्षं त्यात गेली आहेत.

१९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, लिहिणारे कारकून असलेले एक काका. एका प्रकाशकाने मला त्यांच्याकडे पाठवलं. ३१ तासांचं रेकॉर्डिंग झालं. काका मस्टर वाचल्यासारखे बोलायचे: हजेरी किती, मजुरी किती, खडी किती ब्रास फुटली, मजुरांना खायला वाटायच्या सुकडीची पोती किती आली. पंधरा दिवस मी तेच उतरवत होते. मग एकदा विचारलं, काका, अंगठा उठवताना बायांचे हात कसे दिसायचे हो? काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, खडी फोडून फोडून बोटांच्या रेघाच गेलेल्या असायच्या. ठसा उठायचा नाही, नुसता शाईचा डाग पडायचा. तोच डाग मी अंगठा म्हणून धरायचो.

पुस्तक तिथून सुरू झालं. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी, कामावरच झाडाला बांधलेल्या झोळ्या, सगळं त्या डागामागून आलं. मी तो पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर घेतला.

छापून आलं तेव्हा मुखपृष्ठावर फक्त काकांचं नाव. माझं नाव आत, मुद्रकाच्या पत्त्याखाली, 'शब्दांकन साहाय्य' म्हणून. दुसऱ्या आवृत्तीत तेही नाही. विचारायला गेले तर संपादक म्हणाले, "शब्द त्यांचेच आहेत, तुम्ही उतरवून घेतलेत." नुसतं उतरवून घेतलं असतं तर त्यांना ब्रास आणि पोती छापावी लागली असती! काय विचारायचं, काय गाळायचं, कुठून सुरुवात करायची, हेच लेखन आहे. शब्दांकन करणारा लेखकच असतो, याबाबत मी कोणाचंही ऐकणार नाही.

तेव्हा काम जरूर घ्या, पण कॉपीराइट कायदा, १९५७ वाचून. कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही लेखक म्हणून नाव सांगायचा अधिकार उरतो. माझ्याकडे करारच नव्हता, फोनवर ठरलं होतं. भांडायला कागद नव्हता.

पैसे पानांच्या हिशेबाने घेऊ नका. ३१ तासांचं बोलणं दीडशे पानांत बसतं आणि पैसे दीडशे पानांचेच मिळतात. रेकॉर्डिंगचे तास वेगळे धरा, तिसरा हिस्सा आगाऊ घ्या. आकडा प्रकाशकागणिक बदलतो, म्हणून देत नाही.

नाव न देण्याच्या अटीवर जास्त पैसे घेऊन कोणी लिहीत असेल तर तो वेगळा व्यवहार, त्याला माझी हरकत नाही. काकांबद्दलही तक्रार नाही. आयुष्य त्यांचं होतं, मुखपृष्ठावर त्यांचं नाव मोठं हवंच. माझं त्याखाली हवं होतं.

'प्रत्येक आवृत्तीच्या मुखपृष्ठावर दोन्ही नावं' हे वाक्य करारात घालून घ्या. "आधी लिहून तर होऊ द्या, मग बघू" असं उत्तर आलं तर रेकॉर्डर सुरूच करू नका.