एवढी फिरून आली, पण शिकली काय?

"मॅडम, सुट्टीभर तिला कशाला म्हणून नाही म्हटलं नाही. आता घरी आलीय तर खोलीतून बाहेर पडत नाही. काय काय शिकलीस विचारलं की म्हणते, छान होतं. बस्स. मग एवढ्या सगळ्याचा उपयोग काय झाला?"

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. या वेळी विचारणारी होती सतरा वर्षांच्या मुलीची आई. (दोघींच्या परवानगीने लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी पहिल्यांदाच एकटी मावशीकडे राहायला गेली होती. तिथे तिने कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेचा प्राथमिक वर्ग केला, मग एका निसर्गशिबिरात राहिली आणि रात्रीच्या गाडीने एकटीच परत आली. आल्यावर सुरुवातीला भरभरून बोलली आणि मग एकदम गप्प झाली.

प्रवासाहून आलेलं मूल गप्प झालं की मी आधी त्याच्याशी एकट्याशी बोलते. तिथे कुणी त्रास दिला का, नको तसा स्पर्श केला का, फोनवरून कुणी धमकावतंय का, हे आडून न विचारता सरळ विचारते. झोप आणि भूक कशी आहे तेही बघते. दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय, कशातच रस उरलेला नाही आणि हे जवळजवळ रोज असं दोन आठवडे चाललंय, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. जीव नकोसा झाल्याचं मूल बोललं, तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी मदत घ्यायची. "वयच तसं आहे" म्हणून या गोष्टी सोडून देणारे पालक भेटतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

या मुलीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. झोपेचं वेळापत्रक तेवढं कोलमडलं होतं. शिबिरात पहाटे उठायची सवय लागलेली आणि घरी आल्यावर फोन हातात घेऊन मध्यरात्र उलटायची. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, ती मिळत नव्हती. पण गप्प होण्याचं मूळ वेगळं होतं.

ती म्हणाली, "तिकडे मी सगळं माझं माझं करत होते. इथे आल्यापासून आई विचारते, पाणी प्यायलीस का, फोन चार्ज केलास का. मी जणू कुठे गेलेच नव्हते." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मैत्रिणींना तरी काय सांगणार? त्यांची सुट्टी वेगळी गेली."

परत येणं जाण्याइतकंच जड जाऊ शकतं, हे अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवलंय. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून स्वेरे लिसगार्ड यांनी 1955 मध्ये परक्या ठिकाणी रुळण्याचा एक आलेख मांडला: आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्याला पुढचा भाग जोडला. घरी परतल्यावर तशीच आणखी एक घसरण येते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या अभ्यासांत हा आलेख सगळ्यांना सारखा लागू पडलेला नाही. तरी माझ्यासमोर बसलेल्या मुलीला "असं होतं, यात तुझं काही चुकत नाहीये" एवढं ऐकायची गरज होती, आणि ते ऐकल्यावर ती जरा सैलावली.

मग मी तिला "काय शिकलीस" हे विचारलंच नाही. "तिथे सगळ्यात जास्त पंचाईत कुठे झाली?" असं विचारलं.

ती खुर्चीत पुढे सरकून बसली. वर्गातल्या बाई स्वतः कर्णबधिर. त्यांना काहीतरी विचारावं म्हणून तिने हातांच्या खुणा अगदी बरोबर केल्या, पण बाई नुसती मान हलवून पुढे जायच्या. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिला रडू यायला लागलं. तेवढ्यात शेजारच्या मुलाने स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं. अनेक सांकेतिक भाषांमध्ये हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर न्याव्या लागतात. भुवया जागच्या जागी राहिल्या की तेच हातवारे साधं विधान होऊन बसतात. ती इतका वेळ बाईंना विचारत नव्हतीच, सांगत होती! मग तिने मला दोन्ही प्रकार करून दाखवले. पहिल्यांदा चेहरा कोरा ठेवून, दुसऱ्यांदा भुवया ताणून, डोळे मोठे करून, मान किंचित पुढे काढून. हात तेच, पण दुसऱ्या वेळी आपण उत्तर द्यावं असं मलाच वाटून गेलं.

आईला आत बोलावलं आणि तिला पुन्हा दाखवायला सांगितलं. आई बघतच राहिली. "हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तू सर्टिफिकेट मिळालं का एवढंच विचारलंस."

मावशीकडे पहिल्या काही रात्री ती रडायची, हेही तेव्हाच कळलं. सांगितलं नव्हतं, कारण "तुम्ही एवढा खर्च करून पाठवलंत आणि मी तक्रार कशी करू?" सुट्टी मजेत गेली असंच सांगायचं ओझं मुलांवर असतं. त्यापायी नेमका तो भाग झाकला जातो, जिथे ती अडखळून सावरलेली असतात.

आणि माझ्या मते सुट्टीची खरी कमाई तिथेच असते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये "हे मला जमेल" या विश्वासाचे स्रोत मांडले, त्यात सगळ्यात भक्कम ठरतो तो स्वतः करून जमवल्याचा अनुभव. कौतुक आणि धीराचे शब्द त्यापुढे कमीच पडतात. पण गावाला जाऊन आल्यावर तो अनुभव वापरायला घरात जागाच नसेल, तर तो हळूहळू विरतो. म्हणून आईला मी दोन कामं दिली. एक, "उपयोग काय" हा प्रश्न काही आठवडे बंद, त्याऐवजी एखाद्या दिवसाबद्दल, एखाद्या माणसाबद्दल, एखाद्या फजितीबद्दल विचारायचं. आणि दुसरं, तिकडे ती जे स्वतः करत होती, कपडे, वेळापत्रक, प्रवासाची तिकिटं, ते इथेही तिच्याकडेच सोपवायचं. उशीर झाला, विसरली, तरी हात घालायचा नाही. दुसरं काम आईला जड गेलं. तिने ते मोकळेपणाने कबूल केलं आणि तरीही निभावलं.

पुढच्या भेटीला बाबाही आले, कारण दरम्यान घरात नवीनच विषय निघाला होता. मुलीला कर्णबधिर मुलांना शिकवायचं होतं. "एका सुट्टीत आयुष्य ठरवायचं का?" बाबांची काळजी रास्त होती. मी त्यांना मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांचं म्हणणं सांगितलं: तरुण वयात माणसाला थोडा मोकळा काळ लागतो, वेगवेगळ्या भूमिका अंगावर घालून बघायला. जेम्स मार्शिया यांनी 1966 मध्ये त्यात एक फरक स्पष्ट केला. शोध घेणं वेगळं आणि एखाद्या निवडीला स्वतःला बांधून घेणं वेगळं. शोध न घेताच घरच्यांनी आखलेली वाट धरणारी मुलं वरून स्थिर दिसतात, पण ती निवड त्यांनी तपासून पाहिलेली नसते. मुलगी सध्या शोधाच्या टप्प्यावर होती. तिला हो म्हणायची घाई नको होती, आणि नाही म्हणायचीही.

बाबा बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी मुलीपुढे एक अट ठेवली: अभ्यास चालू ठेवायचा, आणि काही ठरवण्याआधी अशा एखाद्या शाळेत जाऊन प्रत्यक्ष थोडं काम करून बघायचं. तिने ते लगेच मान्य केलं. वर बजावलं, "शाळेला विचारायचं पत्र मी लिहिणार. तुम्ही आधी फोन करून ठेवू नका."