मलेरियाच्या परजीवीचा डीएनए तुटला तर तो काय करतो? ती दुरुस्ती अडवून त्याला मारता येईल का?

हा प्रश्न सगळ्याच एकपेशीय परजीवींबद्दल विचारता येईल, पण त्यांची एकमेकांशी नाती इतकी लांबची आहेत की सरसकट उत्तर गुळमुळीत होईल. मी हिवतापाच्या, म्हणजे प्लाझ्मोडियम फाल्सिपेरमच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

आधी किरकोळ नुकसान. हा परजीवी तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारं हीम विषारी असतं. बहुतेक हीमचे तो स्फटिक करून टाकतो, तरी ऑक्सिडेशनची झळ डीएनएला लागतेच आणि अधूनमधून एखादं अक्षर खराब होतं. ते कापून काढायचं आणि जागा भरायची, हे काम आपल्या पेशीही करतात. फरक एवढाच, की आपण बहुधा तेवढं एकच अक्षर बदलतो आणि हा पुढची दोन-चारही नव्याने लिहून काढतो.

खरी गंमत आहे ती डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटल्यावर. आपल्या पेशींकडे तेव्हा दोन वाटा असतात. एक झटपट: कु नावाची प्रथिनं तुटकी टोकं धरून ठेवतात आणि लायगेज-४ ती चिकटवून टाकतं. चार अक्षरं इकडेतिकडे झाली तरी चालतं. दुसरी सावकाश: तोच मजकूर असलेली दुसरी प्रत शोधायची आणि तिच्यावरून तुटलेला भाग उतरवून घ्यायचा. फाल्सिपेरमचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००२ मध्ये वाचून झाला, १४ गुणसूत्रं आणि सुमारे २.३ कोटी अक्षरं. त्यात झटपट वाटेची ही हत्यारं सापडलीच नाहीत. त्यामुळे त्याची मुख्य भिस्त उतरवून घेण्यावर, म्हणजे रॅड५१ या प्रथिनावर.

पण उतरवणार कशावरून? माणसाच्या शरीरात असताना त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. तांबड्या पेशीतल्या ४८ तासांच्या चक्रात पहिला बराच काळ तो एकच संच घेऊन बसलेला असतो. नंतर १६ ते ३२ पिल्लं तयार करताना प्रतींची चंगळ होते, तोवर मात्र पंचाईत.

याचा प्रत्यय क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र, वापरताना येतो. २०१४ पासून फाल्सिपेरममध्ये क्रिस्पर वापरतात. माणसाच्या पेशीत नुसता काप दिला तरी ती टोकं कशीबशी जोडते आणि जनुक बिघडतं, म्हणजे आपलं काम होतं. इथे कापासोबत उतरवून घ्यायला नमुनाही द्यावा लागतो. नाही दिला तर जवळजवळ सगळे परजीवी मरतात. त्याचाच लांबचा भाऊबंद टॉक्सोप्लाझ्मा नेमका उलट. तो टोकं चिकटवायला इतका उतावीळ, की आपण दिलेला डीएनए हव्या त्या जागी बसावा म्हणून संशोधक त्याचं कु८० जनुकच काढून टाकतात.

गुणसूत्रांच्या टोकांजवळ हा प्रकार आणखी रंगतो. तिथे ‘व्हार’ जनुकांची गर्दी असते. एकेका परजीवीकडे अशी साधारण ६० जनुकं असतात आणि तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर कोणतं प्रथिन दिसणार हे त्यांच्यावरून ठरतं. ती एकमेकांसारखी असली तरी तंतोतंत नसतात. त्यामुळे एक तुटलं की परजीवी भलत्याच भावंडावरून उतरवतो. परीक्षेत शेजारच्याचं पाहून लिहावं आणि त्याचा प्रश्नसंच वेगळा निघावा, तसं. पण इथे चुकलेल्या उत्तरालाच मार्क मिळतात, कारण तयार झालेलं मिश्र जनुक आपल्या प्रतिकारशक्तीने कधी पाहिलेलंच नसतं.

कधी कधी तो उतरवायच्या भानगडीतही पडत नाही. तुटलेल्या टोकाला टेलोमेअरची, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाला असते तशी संरक्षक टोपी घालतो आणि पुढचा तुकडा सोडून देतो. गुणसूत्र ८ च्या टोकाजवळचं एचआरपी२ जनुक असं गेलेलं आढळतं. दवाखान्यातली हिवताप तपासायची बरीचशी रॅपिड किट्स याच जनुकाचं प्रथिन शोधतात, म्हणजे अंगात फाल्सिपेरम असूनही किट निगेटिव्ह येऊ शकतं. असे परजीवी २०१० मध्ये पेरूच्या अॅमेझॉन भागातून नोंदले गेले आणि पुढे एरिट्रियात तर ते इतके वाढले की किट बदलावं लागलं.

आता औषधाचं. डीएनए फोडून परजीवी मारणं नवीन नाही. अमिबा आणि जिआर्डियावर आपण सर्रास घेतो ते मेट्रोनिडाझोल तेच करतं. १९६७ मध्ये शास्त्रज्ञ रूथ नुसेनझ्वाइग यांनी उंदरांच्या हिवतापाचे स्पोरोझॉइट, म्हणजे डासातून अंगात येणारं परजीवीचं रूप, क्ष-किरणांनी जखमी करून उंदरांना टोचले. असे स्पोरोझॉइट यकृतात शिरतात, पण त्यांची वाढ तिथेच अडते. उंदरांना रोग झाला नाही, उलट संरक्षण मिळालं. दुरुस्ती अडवण्याचा प्रयत्नही झालाय: हैदराबाद विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं, की मूळचा मानवी रॅड५१ अडवणारा बी०२ हा रेणू परजीवीचाही रॅड५१ अडवतो आणि आर्टेमिसिनिन व क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधांसोबत दिला तर दोन्हींचा जोर वाढतो.

अडचण त्या ‘मूळचा मानवी’मध्येच आहे. आपला रॅड५१ बंद पडणं आपल्यालाही परवडणारं नाही. दोघांच्या प्रथिनांत फरक कुठे आहे ते हेरून फक्त परजीवीचाच रॅड५१ अडेल असा रेणू हवा, आणि तो एकटा न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यायला हवा. माझा स्वतःचा कल या जोडीकडेच आहे. दुरुस्ती अर्धवट अडली आणि परजीवी जगला, तर चुका साचलेली पिढी तयार होईल, आणि त्यातलीच एखादी चूक औषधाला दाद न देणारी असू शकते.