पहिले नाणे घेण्यापूर्वी

क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनांत, पैसे घालण्याआधी आपण नेमके काय विकत घेत आहोत हे समजून घ्यावे, असा माझा प्रत्येक नवख्याला आग्रह असतो. बिटकॉइन २००९ साली सुरू झाले; त्याच्या नाण्यांची कमाल संख्या २.१ कोटी ठरलेली आहे आणि एका नाण्याचे १० कोटी भाग पडत असल्याने अख्खे नाणे घेण्याची गरज नसते. ज्या रकमेवर पाणी सोडावे लागले तरी घरखर्च अडणार नाही, तेवढीच गुंतवावी. कर्ज काढून तर मुळीच नको.

खरेदी सोपी आहे, जपणूक अवघड. स्वतःचे वॉलेट (नाण्यांचा ताबा ठेवणारे अ‍ॅप किंवा उपकरण) उघडताना बहुधा १२ किंवा २४ शब्दांचा संच मिळतो. तो कागदावर क्रमाने लिहून ठेवावा, त्याचा फोटो काढू नये आणि मदतीच्या नावाखाली कोणी मागितला तरी देऊ नये, कारण ते शब्द ज्याच्या हाती, नाणी त्याच्या ताब्यात. नाणी पाठवताना पेस्ट केलेला घेणाऱ्याचा पत्ता, म्हणजे अक्षरे-अंकांची लांब ओळ, मूळ पत्त्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा (तो गुपचूप बदलणारे व्हायरस असतात), नेटवर्क (नाणी ज्या यंत्रणेवरून जातात ती) योग्य निवडले आहे ना ते तपासावे आणि आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी. एकदा पक्का झालेला व्यवहार मागे फिरवता येत नाही.